घट

सराफ बाजारात अठरा वर्षं उभी आहे मी,
काउंटरच्या या बाजूला.
दुसऱ्यांच्या पाटल्या तोलते,
तोलताना पंखा बंद करते,
वाऱ्यानंही काटा हलतो आमचा.
स्वतःचं वजन म्हणाल तर
एकशे चार किलो, तीनशे ग्रॅम.
मिलिग्रॅम डॉक्टर नेहेत्यांच्या काट्यावर दिसत नाहीत.

"गुडघे काय म्हणतायत ते ऐका," डॉक्टर म्हणाले
आणि चिठ्ठीवर औषध लिहिलं.
आठवड्याला एक टोचणी, पोटाच्या घडीत.
पेन म्हणतात त्याला,
एक अक्षर उमटत नाही त्यातून.

बेंडाळे मेडिकलवाल्यानं कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवला,
मी गिऱ्हाइकाकडे वळवते तसाच,
तोंडानं आकडा न उच्चारता.
चार आठवडे, अकरा हजार आठशे.
पगार तेवीस.
"मेडिक्लेम असेल ना दुकानाचा?"
आहे की. शेठनी सगळ्यांचा काढलाय,
दिवाळीच्या डब्यात, काजूकतलीच्या वर
कार्ड ठेवलेलं होतं.

महिन्यानं पत्र आलं :
वजन नियंत्रणाचा उपचार पॉलिसीत बसत नाही.

बसत नाही.
हे दोन शब्द माझ्या ओळखीचे.
एसटीच्या सीटवर, तयार ब्लाउजच्या दुकानात,
लग्नातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत
ऐकलेत मी ते, लोक हळू बोलले तरी.

फोन लावला. मुलगी गोड बोलली.
"मॅडम, गुडघा बदलला तर मिळतील पैसे.
दोन्ही बदलले तर दोन्हींचे."
"मग आधी मोडू देऊ का?"
"आणखी काही मदत करू शकते का मी?"

पहिले तीन महिने भिशीतून गेले.
मग मे आला, पंचेचाळीसच्या वर,
आणि लाइट दुपारी बारालाच जाऊ लागली.
पेन वितळतं की काय म्हणून
थर्मासात बर्फ घालून दुकानात आणलं,
गिऱ्हाइकांच्या थंड बाटल्यांमागे ठेवलं.
तिजोरीपेक्षा त्या फ्रिजकडे
जास्त वेळा बघितलं त्या महिन्यात.

आई आली भालोदहून, उडदाचे पापड घेऊन.
दारातच थांबली.
"काय वं माय, कोनी खाऊ घालत नाई का तुले?"
आमच्यात अंगानं भरलेली म्हणजे
खात्यापित्या घरची.
दोन घास खाल्ले की पोट नको म्हणतं,
हे तिला कसं सांगू?
औषध सरकारी आहे म्हणाले, फुकट मिळतं.
तिनं पापड भाजला, अर्धा मोडून दिला,
अर्धा माझ्यासमोर ठेवून बसून राहिली.

एक्क्याण्णव किलो.
जिना चढते आता, मध्ये न थांबता.
माडीवर निमाई बसतो, बंगाली कारागीर,
त्याच्याकडे अंगठी घेऊन गेले.
भांडी घासताना दोनदा निघाली होती बोटातून,
एकदा राखेत सापडली, एकदा मोरीच्या जाळीवर.

त्यानं कापली. जोडली. घासली.
कापलेला तुकडा कागदात बांधून दिला.

खाली आले. पंखा बंद केला.
सहाशे चाळीस मिलिग्रॅम.
आजच्या भावानं अडीच टोचण्या.
हसू आलं मला, एकटीलाच.
माझंच उतरलेलं अंग
माझ्याच औषधाचे पैसे देत होतं,
विमा कंपनीला न विचारता.

निमाई जिन्यावरून वाकून म्हणाला,
"दीदी, मोडू नका तो. डबीत ठेवा.
वाढवायला पण आणतात लोक. तीच अंगठी."

डॉक्टरांना विचारलं होतं मी,
किती दिवस घ्यायचं म्हणून.
ते चिठ्ठीवर पुढची तारीख टाकत होते.

बाहेर गिऱ्हाईक उभं आहे,
घाम पुसतंय, पंखा लावा म्हणतंय.
थांबा जरा.
काटा अजून हलतोय.